कस्तुराबाईंच्या वाळूच्या पिशव्या

पेशंट सुखरूप होते आणि कस्तुराबाई त्यांच्या खाली सापडल्या होत्या. मी मेल वॉर्डात धावत पोचले तेव्हा एवढंच दिसलं. अर्धांगाचा झटका आलेले सत्तरीचे आजोबा होते. त्यांना खाटेवरून खुर्चीत बसवताना बाईंच्या हातातलं बळच गेलं. आजोबा निसटतायत हे कळल्याबरोबर बाईंनी स्वतःला खाली टाकलं आणि त्यांना अंगावर झेललं. आजोबांना खरचटलंसुद्धा नाही. ते शांतपणे "चहा आला का?" म्हणून विचारत होते. बाईंच्या कोपराला मात्र चांगलंच लागलं होतं. हॉस्पिटलात आया म्हणून त्यांची एकवीस वर्षं झाली होती आणि पेशंट हातातून सुटण्याची ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी मेट्रननी मला ऑफिसात बोलावलं. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्स आणि आयांच्या वरिष्ठ. सुपरिंटेंडेंट डॉक्टरही तिथेच बसले होते.

"कस्तुराबाई गुडघ्यांसाठी तुमच्याकडेच येत होत्या ना?" मेट्रननी विचारलं.

"हो."

"वजन कमी करा म्हणून कुणी सांगितलं त्यांना?"

"मीच."

"छान. केलं त्यांनी. आता एक पेशंट उचलवत नाही. मी त्यांचं काय करू, सांगा."

खरं म्हणजे त्या प्रश्नात चुकीचं काहीच नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मी सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. मुंबईत शिकून गावी परत आले होते. फिजिओथेरपी हा शब्द गावात कुणाच्या जिभेवर बसत नव्हता. आमच्याकडे लाल दिव्याचा शेक मिळायचा, म्हणून मला सगळे 'शेकवाल्या बाई' म्हणत. एक्स-रेच्या मागच्या दोन खोल्या म्हणजे माझं डिपार्टमेंट. त्यात एक उंच टेबल, भिंतीला दोन कप्प्या, मेण वितळवायची पेटी आणि वाळूच्या पिशव्या. बाकी सगळी जागा पोलिओ झालेली मुलं आणि त्यांना घेऊन येणाऱ्या बायका यांनी भरलेली असायची.

कस्तुराबाई अक्कलकोटकडच्या. वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. घरात कानडी, कामावर मराठी. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून एकट्या. वर्षभरापूर्वी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा वजन होतं चौऱ्याऐंशी किलो. गुडघे सुजलेले, ब्लडप्रेशर वाढलेलं, लघवीत साखर. मी म्हटलं, वजन उतरवा. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. असं आम्ही दिवसातून दहा जणांना सांगतो आणि दहाही जण मान हलवून घरी जाऊन जेवतात. या बाईंनी मात्र मनावर घेतलं. दोन वेळेला एकेक भाकरी, बरोबर पाण्यात शिजवलेला पाला. तेल बंद, शेंगदाणा बंद, डाळही जवळजवळ बंद. सोमवारचा उपास आधी फराळाचा होता, तो निरंकार केला. आठ-नऊ महिन्यांत अठ्ठावन्न किलोवर आल्या. गुडघे शांत झाले, साखर गेली. सगळ्या हॉस्पिटलात कौतुक झालं. मी तर इतर पेशंटना त्यांचं उदाहरण द्यायला लागले होते.

काट्याचं एक असतं. तो किती किलो गेले ते सांगतो, काय गेलं ते सांगत नाही. उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर मांसही उतरतं. मांस म्हणजे स्नायू, आणि ताकद तिथेच असते. हे मी पुस्तकात शिकले होते. पण कस्तुराबाईंशी त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. वजन उतरतंय म्हणून मीच खूश होते.

"त्यांना लिननमध्ये बसवता येईल का?" मी विचारलं. लिनन म्हणजे चादरी-कपड्यांची खोली.

"तिथे जागा नाही," मेट्रन म्हणाल्या. "आणि आयाचं काम होत नसेल तर मेडिकली अनफिट लिहावं लागेल. मला काय आनंद होतो का?"

सुपरिंटेंडेंट म्हणाले, "तुम्ही ताकद घालवलीत, आता परत आणून दाखवा. तीन महिने देतो. तेवढे दिवस त्यांना पेशंट उचलायला लावू नका. तीन महिन्यांनी ट्रायल. एकटीनं अर्धांगाचा पेशंट खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर. झालं तर वॉर्ड, नाही तर अनफिट."

मी खाली येऊन कस्तुराबाईंना हे सांगितलं. त्या माझ्या दारातच बाकावर बसून होत्या.

"त्यात काय," त्या म्हणाल्या. "पंधरा दिस तूप-भात खाते. अंग भरलं की ताकद येतीय की."

"अंग भरेल, साखरही परत येईल. आणि गुडघे परत माझ्या टेबलावर."

"मग ताकद कुटनं आणायची ताई? बाजारात मिळतीय व्हय?"

"वजन उचलून."

त्या हसल्या. "ज्याला वजन उचलंना त्यानं वजन उचलायचं. ताई, तुमी शिकलेली मान्सं कायबी बोलता."

मी त्यांना समजावलं, तेच इथे सांगते. एखादं वजन माणूस कसाबसा दहा वेळा उचलू शकतो, अकराव्यांदा नाही. ते वजन शोधून काढायचं. त्याला आम्ही टेन आर.एम. म्हणतो. मग त्याच्या निम्म्यानं दहा वेळा, पाऊणानं दहा वेळा आणि पुऱ्या वजनानं दहा वेळा उचलायचं. आठवड्यानं परत मोजायचं. शरीर शहाणं असतं. रोज मागणी आली की पुरवठा वाढवतं. लढाईत जखमी झालेल्या सैनिकांना याच पद्धतीनं उभं केलं होतं. कुस्ती-तालमीचा यात काही संबंध नाही आणि वयाचाही फारसा नाही.

"अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पैलवान करताय मला," त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीच्या आधी, निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीचा पदर खोचून हजर झाल्या.

तीन व्यायाम ठरवले. उंच टेबलावर बसून घोट्याला पिशवी बांधायची आणि गुडघा सरळ करायचा. हातात पिशवी घेऊन कोपर मुडपायचं. आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: गुडघे वाकवून खाली बसायचं, जमिनीवरची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरायची आणि उठून टेबलावर ठेवायची. पहिल्या दिवशी हा तिसरा व्यायाम चार किलोच्या वर गेला नाही. दहावी वेळ झाल्यावर त्यांनी टेबलाला दोन्ही हातांनी धरलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेले. रडताना कुणी बघावं असा त्यांचा स्वभाव नव्हता.

लाज ही दुसरी अडचण. ओ.पी.डी.ला आलेली माणसं दारातून डोकवायची. बाईमाणूस वाळू का उचलतंय, हे कुणाला कळत नव्हतं. त्यांच्या गल्लीतल्या बायका 'पैलवानीण आली' म्हणायला लागल्या. मी दाराला पडदा लावला. बाईंनी दोन दिवसांनी तो स्वतःच सरकवून ठेवला. "गरम हुतंय," म्हणाल्या. सोलापूरचा मार्च होता, तेव्हा तेही खरंच होतं.

जेवणही बदललं. डॉक्टरांना विचारून रोज मूठभर शेंगदाण्याची चटणी परत सुरू केली. बरोबर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, डाळ, वाटीभर दही. अंडं त्यांच्या घरात चालत नाही, म्हणून तो विषय काढलाच नाही. सोमवारच्या निरंकार उपासावर मात्र आमचं वाजलं.

"द्येवाचं हाय ते. त्यात तुमी पडू नगा," त्या म्हणाल्या.

"देवाला ताक चालतं का?"

"चालतंय की."

"मग ताक प्या. आणि सोमवारी व्यायामाला सुट्टी. हाडामांसाला विश्रांती लागतेच."

हे त्यांना पटलं. मला वाटतं, सुट्टीपेक्षा आपला सोमवार राखला गेला याचं त्यांना जास्त बरं वाटलं.

पिशव्या माझ्याकडे अर्धा, एक आणि दोन किलोच्या होत्या. पोलिओच्या मुलांना तेवढ्या पुरायच्या. बाईंसाठी मोठ्या लागणार होत्या. मी हॉस्पिटलच्या टेलरना, मेहबूबभाईंना सांगितलं. ते लिननच्या खोलीत मशीनवर बसून फाटक्या चादरींच्या उशीच्या खोळी करायचे. पन्नाशीचे, काटकुळे, कानावर सदा खडूचा तुकडा. त्यांना म्हटलं, कॅनव्हासच्या पाच-पाच किलोच्या चार पिशव्या शिवा, नव्या इमारतीच्या ढिगातली वाळू चाळून भरा, स्टोअरच्या काट्यावर वजन करा आणि वर आकडा घाला. चार दिवसांत पिशव्या आल्या. दुहेरी शिवण, धरायला पट्टे आणि काळ्या शाईत सुबक ५. असं नेटकं काम की मी त्यांना चहा पाजला.

त्यानंतर प्रगती फार झपाट्यानं झाली. चारावरून सहा, सहावरून दहा. मी प्रत्येक आठवड्याला आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायची. रेघ अशी वर चढत होती की मी तो कागद मेट्रनना नेऊन दाखवला. त्या चष्मा लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इतकं?" मी म्हटलं, "हो, इतकं." दहाव्या आठवड्यात तिसऱ्या व्यायामाचा आकडा पंधरा झाला. तीन मोठ्या पिशव्या एका खोळीत घालून बाई ते उचलत होत्या. मोजायच्या कानडीत. ओंदु, एरडु, मूरु करत हत्तुपर्यंत, म्हणजे दहापर्यंत. तोपर्यंत पोलिओची दोन मुलंही कानडीत मोजायला लागली होती.

ट्रायलला पंधरा दिवस उरले असताना एका सकाळी कस्तुराबाई आल्या त्या पदर न खोचता. बाकावर बसल्या.

"ताई, एक इचारू? रागवू नगा."

"विचारा."

"हितं मी पंदरा किलो धा येळा उचलते. काल भावानं गावाकडनं शाळू जोंधळा धाडला. तेलाच्या डब्यात भरला. लई तर बारा किलो भरंल. त्यो डबा फळीवर ठेवाया उचलला. दोनदा उचलला, तिसऱ्यांदा जमिनीवरनं सुटंना. माझ्यात काय दोष हाय का? घरी गेलं की ताकद जातीया का?"

असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. डब्याला धरायला नीट जागा नसते, असं काहीतरी मी सांगायला लागले. मग मीच थांबले. उठून पाच किलोची पिशवी उचलली. दहा आठवड्यांत पहिल्यांदा मी ती पिशवी स्वतःच्या हातात घेतली. बाई स्वतःच पिशव्या काढायच्या, स्वतःच ठेवायच्या, आणि मी एका हातानं कुणा मुलाचा पाय धरून दुसऱ्या हातानं वहीत आकडा लिहायची. ती पिशवी पाच किलोची नव्हती, हे हाताला लगेच कळलं.

आम्ही दोघी चारही पिशव्या घेऊन स्टोअरमध्ये गेलो. काट्यावर पहिली ठेवली. तीन किलो शंभर ग्रॅम. दुसरी तीन किलो. तिसरी तीन चारशे. चौथी तर तीनालाही कमी. स्टोअरकीपरकडून कात्री घेऊन मी एकीची शिवण उसवली. बाहेरच्या अंगाला वाळू होती, आणि आत चादरींच्या चिंध्यांचा घट्ट बांधलेला गोळा. म्हणजे पंधरा किलो म्हणजे साडेनऊ किलो होते. माझी रेघ आलेखावर चढत होती, ती चिंध्यांवर.

आम्ही लिननच्या खोलीत गेलो तेव्हा मेहबूबभाई मशीनवरच होते. उसवलेली पिशवी बघून त्यांनी पाय थांबवला.

"हे काय आहे मेहबूबभाई?"

त्यांनी मशीनवरची खोळ बाजूला सारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, मेरे कू देख्या नै गया. पयल्या दिवशी ती बाई भिंतीकडं तोंड करून रडत होती, मी दारातून बघितलं. माझी अम्मा गेली तेव्हा तीन महिने ह्याच हॉस्पिटलात होती. तिला उठवणं, बसवणं, समदं ह्या बाईनं केलं. मी पोरगा असून मला जमलं नै. मला वाटलं, आकडा वाढला तर डाक्टर लोक खूश होतील, तिची नोकरी राहील. वाळूचं काय एवढं?"

मला त्यांचा राग आला होता, पण तो तोंडातून निघेना. निघाला तो कस्तुराबाईंचा. त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं.

"मेहबूबभाई, अठ्ठेचाळीस वर्सं झाली मला. आजवर मला कुणी हलकं वजन दिलं न्हाय. नवरा गेला तवा दिलं न्हाय, सासरच्यांनी दिलं न्हाय, ह्या वॉर्डात तर न्हायच. तुमी कोन देनारे? पंदरा दिसांनी माझ्या हातातनं पेशंट पडला असता, तर तुमी काय चिंध्या हातरनार हुता खाली?"

मेहबूबभाई उठून उभे राहिले. म्हणाले, "चूक झाली." बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि निघून गेल्या.

मी माझ्या खोलीत येऊन वही उघडली. मेहबूबभाईंना काय बोलायचं ते मनात जुळवत होते. पण वहीत दुसरंच दिसायला लागलं. सहाव्या आठवड्यात एका दिवशी बाईंच्या दहा वेळा झाल्या नव्हत्या, आठच झाल्या होत्या. चेहरा पार उतरला होता. मी म्हटलं होतं, "झालं हं, दहा." आणि दहाच लिहिलं होतं. असे मला नक्की आठवणारे तीन दिवस निघाले. न आठवणारे किती, देव जाणे. चिंध्या भरणारे एकटे मेहबूबभाई नव्हते. मला स्वतःची फार लाज वाटली.

आता दोन रस्ते होते. गप्प राहून पंधरा दिवसांनी नशिबावर सोडायचं, किंवा वर जाऊन सांगायचं. मी पिशवी घेऊन सुपरिंटेंडेंटांच्या ऑफिसात गेले. मेट्रनही आल्या. मी सगळं सांगितलं, माझे तीन दिवस धरून.

सुपरिंटेंडेंटांनी पिशवीतला चिंध्यांचा गोळा टेबलावर ठेवला. "म्हणजे तो आलेख फाडून टाकायचा?"

"फाडायचा नाही सर. चारावरून साडेनऊवर आल्यात, तेही दहा आठवड्यांत. तेवढं खरं आहे. मला आणखी महिना द्या."

"मेट्रन?"

मला वाटलं, संपलं. मेट्रन म्हणाल्या, "मला ती रेघ बघूनच शंका आली होती. माणूस इतक्या सरळ रेघेत सुधारत नाही. द्या महिना. पण पेशंट मी निवडणार, आणि हलका निवडणार नाही."

"त्याला माझी काही हरकत नाही," मी म्हटलं.

सगळ्या पिशव्या मेहबूबभाईंनी पुन्हा भरल्या. या वेळी काट्यापाशी मी, बाई आणि स्टोअरकीपर, तिघं उभे होतो. नव्या मोजणीत बाईंचं टेन आर.एम. साडेनऊच निघालं. त्या म्हणाल्या, "ह्ये माझं हाय. ह्ये कुणी दिलेलं न्हाय." आणि पदर खोचला. त्या दिवसापासून दहा म्हणजे दहा. आठ झाले तर मी आठ लिहायची आणि त्यांना दाखवायची. त्यांना अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते.

दोन आठवड्यांत अकरा झाले. मग एक आठवडा अकरावरच अडले. एकदा मागे येऊन दहा झाले, कारण त्यांना ताप होता. मग साडेबारा. रेघ वेडीवाकडी होती, पण मला ती पहिल्या रेघेपेक्षा फार आवडायची.

आता नुसत्या पिशव्या पुरणार नव्हत्या. पिशवी घाबरत नाही, घामेजत नाही, हात मारत नाही. माणूस उचलण्याची रीत वेगळी. आपले गुडघे पेशंटच्या गुडघ्यांना टेकवायचे, म्हणजे ते मुडपत नाहीत. हात त्याच्या काखेखालून पाठीवर. पाठ ताठ ठेवायची, उठायचं ते मांड्यांनी. मग कमरेतून न पिळता पाय वळवून फिरायचं. पूर्वी बाई हे सगळं नुसत्या अंगाच्या भारानं करायच्या. चौऱ्याऐंशी किलोचं माणूस मागे झुकलं की समोरचा आपोआप उठतो. आता तो भार गेला होता, म्हणून रीत शिकणं भाग होतं. त्यासाठी सरावाला माणूस हवा होता. खऱ्या पेशंटवर सराव करायला मेट्रननी साफ नाही सांगितलं.

बाईंनीच माणूस शोधला. लिननच्या दारात जाऊन म्हणाल्या, "मेहबूबभाई, माप घ्यायचं ऱ्हाऊ द्या. चला, खाटंवर पडा."

महिनाभर त्या त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. मेहबूबभाई खडू कानावर ठेवून मुकाट्यानं आले. रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, माझ्या खोलीतल्या खाटेवर पडायचे. अर्धांग झाल्यासारखं अंग सोडून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. तेच त्यांना जमत नव्हतं. बाईंनी काखेत हात घातला की हे पायांनी हळूच जोर लावायचे.

"ढिलं सोडा."

"सोडलंय की."

"पायात जोर लावताय. मला कळतंय. परत चिंध्या भरताय व्हय?"

मी हसू दाबत घोट्याला हात लावून बघायची. खरंच जोर असायचा. आठवडा गेला तेव्हा कुठे ते खरे पेशंट झाले. बाईंनी त्यांना खुर्चीत ठेवलं, परत खाटेवर ठेवलं, सलग तीन वेळा. तिसऱ्या वेळेला मेहबूबभाई म्हणाले, "अम्मा कू भी ऐसाच बिठाती थी." बाई जाताना शेंगांच्या चटणीची पुडी त्यांच्या मशीनवर ठेवून गेल्या.

ट्रायलच्या दिवशी पिशव्यांचा आकडा चौदा होता. खरे चौदा. मेट्रननी शब्द पाळला. निवडलेले पेशंट भुसार बाजारातले एक अडते होते. डावं अंग गेलेलं, तब्येत भारदस्त. अठ्ठावन्न किलोच्या बाईंपेक्षा दहा-बारा किलोंनी तरी जास्तच. वॉर्डात मेट्रन, सुपरिंटेंडेंट, मी आणि दारात मेहबूबभाई. बाकीच्या आया खाटांमागे काम करत असल्याचं दाखवत होत्या.

बाईंनी आधी खुर्ची खाटेच्या कोनात लावली, चाकांना अडसर घातला. शेटजींना सांगितलं, "मालक, उजवा हात माझ्या खांद्यावर ऱ्हाऊ द्या. गळ्याला धरू नगा." मग गुडघे टेकवले आणि उठल्या. शेटजीही उठले. निम्म्या वळणावर मात्र ते घाबरले. उजव्या हातानं त्यांनी बाईंच्या गळ्याला मिठी मारली आणि सगळा भार खाली सोडला.

मेट्रन एक पाऊल पुढे आल्या. मीही आले. बाई होत्या तिथेच थांबल्या. गुडघे अर्धे वाकलेले, पाठ सरळ, मांड्या थरथरत होत्या. मान अडकली होती, तरी त्यांचा आवाज साधा होता.

"मालक, भ्यायचं न्हाय. मी धरलंय. तुमी पडत न्हाय. हात ढिला करा."

शेटजींना ते समजायला किती वेळ लागला ते मी सांगू शकणार नाही. मला तो फार वाटला. मग त्यांचा हात सैल झाला. बाईंनी पाय वळवले आणि त्यांना खुर्चीत बसवलं, अगदी अलगद. धोतराचा सोगा सारखा केला. दोन मिनिटं दम घेतला आणि त्याच रीतीनं परत खाटेवर नेलं.

सुपरिंटेंडेंटांनी मेट्रनकडे बघितलं. मेट्रन म्हणाल्या, "उद्यापासून सकाळी सात. मेल वॉर्ड." आणि निघाल्या. दाराशी थांबून मला म्हणाल्या, "माझ्या बाकीच्या आयांनाही आठवड्यातून दोनदा पाठवते. काटा तुमच्याकडेच ठेवा."

कस्तुराबाई खाटेच्या कडेला टेकल्या. मी पाणी दिलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला, बराच वेळ. मला रडू आलं, त्यांना नाही. त्या वॉर्डात आणखी दहा वर्षं राहिल्या आणि पूर्ण मुदत भरून निवृत्त झाल्या.

पुढे मीही पुष्कळ वर्षं हे काम केलं. मशिनं आली, स्प्रिंगा आल्या, छापील आकड्यांची लोखंडी वजनं आली. माझा नियम एकच राहिला. एखाद्या पेशंटची मला फार दया यायला लागली, की मी आधी तो उचलत असलेलं वजन काट्यावर घालून बघते.